कागदावरचा शुक्रवार

दसरा झाला, दौलताबादच्या रस्त्याला सीताफळांच्या पाट्या लागल्या, की माझा उजवा पाय हलायला लागतो. मी खुर्चीत बसलेली असते आणि टेबलाखाली तो आपला चालूच असतो. आई म्हणते, पाय हलवू नये, घरातली बरकत जाते. बरकत जायची तेव्हा जाईल, पाय काही थांबत नाही. पावसाळाभर ओल धरून बसलेलं हे शहर एकदम कोरडं आणि लख्ख होतं. वेरूळकडच्या डोंगरावरचं गवत शेंड्याकडून पिवळं पडायला लागतं, अजिंठ्याच्या रस्त्याला कापूस फुटतो, गाडीवाले गाड्या धुऊन काढतात आणि सीटना नवी कव्हरं घालतात. पंचांगात या दिवसांना काय म्हणायचं ते म्हणोत, आमच्याकडे याला सीझन म्हणतात.

स्टेशन रोडवरच्या एका गाळ्यात आमचं लहानसं ऑफिस आहे. बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना लेणी, किल्ला आणि लोक ज्याला ताजची नक्कल म्हणतात तो मकबरा दाखवायची सोय आम्ही करतो. त्यात माझं काम कागद करण्याचं. कोणत्या दिवशी काय पाहायचं, किती वाजता निघायचं, जेवायला कुठं थांबायचं, हे सगळं एका पानावर बसवायचं. मोठ्या कंपन्यांत त्या पानाला भारदस्त नाव असेल, आम्ही त्याला कागदच म्हणतो. आणि या शहरात कागद करणाऱ्याला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतात. सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद. मला झोपेतून उठवून विचारलं तरी मी सांगेन. हे दोन वार माझ्या डोक्यात काटेरी कुंपणाच्या आत असतात आणि उरलेले पाच मोकळ्या रानात. या कुंपणानं मला पुढं कसं गोत्यात आणलं, तेच आज सांगायचं आहे.

सध्या माझ्या खणात एक कागद पडून आहे. विजापूर, बदामी, हंपी. पेन्सिलीनं केलेला. हा चौथा, आधीचे तीन फाडले. बदामीला एक दिवस पुरत नाही असं वाटतं, दोन दिले तर हंपीतला एक जातो, हंपीचा वाचवावा तर विजापूर नुसतं तोंडदेखलं होतं. मग पुन्हा खोडरबर. ऑफिसात गिऱ्हाइकाचा कागद मी अर्ध्या तासात हातावेगळा करते. हा होत नाही, कारण हा आप्पांचा आहे.

आप्पा म्हणजे माझे वडील. मूळचे पिशोरचे. तरुणपणी शहरात आले, प्रवासी गाडीच्या स्टिअरिंगमागं बसले आणि चौतीस वर्षांनी केस पांढरे करूनच तिथून उठले. मुकुंदवाडीतलं आमचं घर त्या गाडीवरच उभं राहिलं. मीही तिथंच राहते, आई-आप्पांजवळ. का, हा या लेखाचा विषय नाही. तर आप्पांना गल्लीत सगळे जग फिरलेला माणूस म्हणायचे आणि आप्पा नुसते हसायचे, कारण त्यांनी जे पाहिलं होतं ते पार्किंग. वेरूळचं पार्किंग, अजिंठ्याच्या पायथ्याचं पार्किंग, किल्ल्यासमोरचं पार्किंग. प्रवासी आत जायचे आणि आप्पा झाडाखाली सीट मागं पाडून, पाय खिडकीबाहेर काढून पडायचे. लेणी त्यांनी पाहिली नव्हती असं नाही. बुद्धपौर्णिमेला आम्हाला पांढरे कपडे घालून ते घेऊन जायचेच. पण बाकीचा देश त्यांनी ऐकलेला होता.

मागच्या सीटवरची माणसं आग्रा, जयपूर, काशी करून आलेली असायची आणि रस्ताभर बोलायची. आप्पा आरशात बघत ऐकायचे. इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण कळायचं सगळं. घरी आले की हातपाय धुता धुता आम्हाला सांगायचे, ताजच्या संगमरवरावर उन्हात पाय ठेववत नाही, ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या भिंतीवर पिवळी बदकं आहेत. पिवळी बदकं मला फार आवडायची. आठवीत जाईपर्यंत मला वाटत होतं, आप्पा हे सगळं स्वतः पाहून आलेले आहेत.

मग काचबिंदू निघाला. या दुखण्याची खोड अशी, की नजर कडेनं खात येते. समोरचं दिसतं, बाजूचं पुसत जातं, आणि ज्याचं पुसतं त्यालाच पत्ता नसतो. आप्पांना तो पत्ता फुलंब्रीच्या पुढं एका म्हशीनं दिला. डावीकडून आलेली ती म्हैस त्यांना दिसलीच नाही. ब्रेक वेळेवर लागला म्हणून म्हैस वाचली आणि गाडीतले प्रवासीही. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपायची. त्या दिवशी आप्पांनी गाडीची किल्ली खुंटीला लावली ती लावलीच. मला ते बघवलं नाही. मी म्हणून बसले, आप्पा, आता मी तुम्हाला फिरवते, मागच्या सीटवर बसवून. आत नेऊन सगळं दाखवते, पार्किंगमधून नाही.

बोलले ते अगदी मनापासून. आणि मग कागद करायला बसले.

पहिल्या वर्षी दिल्ली, आग्रा, जयपूर, काशी असा पंधरा दिवसांचा देखणा कागद झाला. मग लक्षात आलं की तिकडं थंडीत धुकं पडतं. धुक्यात काय दिसणार? काशी काढली, खजुराहो घातलं. खजुराहोमुळं जयपूर लांब पडायला लागलं. तेवढ्यात ऑफिसात प्रवाशांची रीघ लागली आणि हातातला खेळ सुटला. दुसऱ्या वर्षी पुन्हा दसऱ्यापासून सुरुवात. हॉटेल स्टेशनजवळ हवं, पायऱ्या कमी हव्यात, दिवसातून दोनदा डोळ्यांत थेंब घालायची सवड हवी. एक गोष्ट बसवली की दुसरी निखळायची. फेब्रुवारीत उन्हं चढली. मी म्हणाले, पुढच्या वर्षी नीट करू. आप्पा म्हणाले, बरं.

त्या दोन वर्षांत आप्पांचा डावा खांदा दाराच्या चौकटीला आपटायला लागला. मग उजवाही. चहाचा कप अगदी समोर ठेवला तरच सापडायचा, जरा बाजूला असला की हात चाचपडायचा. मला ते रोज दिसत होतं, आणि रोज मी आणखी चांगला कागद करायला बसत होते. आज याची लाज वाटते. त्या वेळी नुसती भीती होती. नजर थोडीच उरली आहे, तर त्यातला एक तासही वाया जाता कामा नये, एकही दार बंद सापडता कामा नये, असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलं होतं. या हुरहुरीला मी प्रेम समजत होते. ते प्रेम होतंही, पण कामाचं नव्हतं.

तिसऱ्या वर्षीच्या सीझननं माझी ही खोड मोडली. सुरुवात आईनं केली. एका सकाळी मी ताटाशेजारी कागद पसरून बसले होते, तर तिनं त्या कागदावरच भाकरी ठेवली. म्हणाली, आता हाच खा. तिचं म्हणणं, तिचे गुडघे घरीच बरे आहेत, बाप-लेकीनं एकदाचं निघावं. मग मी मुकाट्यानं पाच दिवसांचा कागद केला. सोमवारी दुपारी निघायचं, मंगळवार भोपाळला विसावा, बुधवारी सांची, गुरुवारी ग्वाल्हेर, शुक्रवारी सकाळी आग्रा आणि दुपारी चारच्या गाडीनं परत. रविवारी ऑफिसात मोठा ग्रुप उतरणार होता, त्याच्या आत घरी. सोमवार आणि मंगळवार हे माझे दोन्ही अवघड वार प्रवासात आणि विसाव्यात खर्ची पडले होते, म्हणून मी स्वतःवर खूश होते. ताज मुद्दाम शेवटी ठेवला. आमच्या धंद्यात तसंच करतात. अजिंठा आधी दाखवला की प्रवाशाला पुढं काहीच दिसत नाही.

आप्पांनी तो कागद डोळ्यांसमोर सरळ धरला आणि बोट फिरवत ओळ न् ओळ वाचली. शुक्रवारच्या ओळीवर बोट थांबलं. मला वाटलं अक्षर लागत नसेल. त्यांनी विचारलं, तिकिटं काढलीस का? मी म्हटलं, काढली. ‘मग झालं,’ म्हणाले आणि कागदाची घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली.

त्या पाच दिवसांतलं काय काय आठवतं! डब्यात सुटलेला दशम्यांचा आणि शेंगदाण्याच्या चटणीचा वास. भोपाळच्या तळ्यावरचं थंड वारं. सांचीला जाताना आप्पांना मी थाटात मागच्या सीटवर बसवलं, तर पहिल्या चहाला थांबलो तेव्हा ते उतरून गुपचूप पुढं जाऊन बसले. रस्ताभर त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. वळण आलं की दाबायचा, गाय दिसली की दाबायचा. मागून मी तो पाय बघत होते आणि टेबलाखालचा माझा पाय कुठून आला ते मला त्या दिवशी कळलं.

सांचीला स्तूपाभोवतीच्या कठड्यावर त्यांनी तळहात टेकला आणि पुटपुटत त्रिशरण म्हटलं. मग बराच वेळ तो दगड चाचपत राहिले. म्हणाले, ‘आपल्याकडं डोंगर आतून काढून टाकला. इथं रचत आणलाय. ह्येला लई माणसं लागली असतील.’ मी फोटो काढण्यात गुंतले आणि मागं वळून बघते तर आप्पा गायब. जीव उडाला. शोधत शोधत फाटकाबाहेर आले, तर पार्किंगमध्ये झाडाखाली चार ड्रायव्हरांच्यात बसून चहा पीत होते. मला बघून ओशाळले. म्हणाले, आपसूक पाय इकडंच आले.

ग्वाल्हेरला पिवळी बदकं पाहिली. निळ्या फरशीच्या पट्ट्यात ती एका ओळीत चाललेली आहेत. मी बोट दाखवत होते आणि त्यांना ती सापडत नव्हती. मी त्यांचं डोकं दोन्ही हातांनी धरून हळूहळू वळवलं, तेव्हा एकदम म्हणाले, ‘हां, आली.’ माझ्या लहानपणी त्यांनी दिलेली बदकं मी त्यांना परत दिली असं मला वाटलं आणि रडू आलं. ते आप्पांना दिसलं नाही, कारण मी बाजूला उभी होते.

आणि मग शुक्रवार.

इथं आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. प्रवाशाला फसवायची सगळ्यात जुनी युक्ती म्हणजे त्याला ‘ते आज बंद आहे’ म्हणून सांगणं. बंद आहे म्हटलं की तो हिरमुसतो, आणि हिरमुसलेल्या माणसाला शालींच्या नाहीतर मूर्तींच्या दुकानात नेणं सोपं जातं. म्हणून सरळ मार्गाचा ड्रायव्हर ‘बंद’ हा शब्द तोंडातून काढत नाही. खरोखर बंद असलं तरी गाडी दारापर्यंत नेतो आणि कुलूप प्रवाशाला त्याच्या डोळ्यांनी पाहू देतो. आप्पांनी चौतीस वर्षं हे पाळलं. ऑफिसनं दिलेला कागद ड्रायव्हरनं बदलायचा नाही, हे दुसरं.

आग्र्याला सकाळी रिक्षात बसलो आणि ताज म्हटलं, तर रिक्षावाला मागं वळून म्हणाला, ‘मॅडम, ताज तो आज बंद...’ मी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. हसूनच म्हटलं, भैया, हम भी इसी लाईन के हैं, सीधा चलो. आप्पांना मराठीतून म्हणाले, बघा, इथंही तेच. आप्पा समोर बघत राहिले. रिक्षावाल्यानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली आणि रिक्षा निघाली.

रस्ता फार मोकळा होता. मला तर तेही चांगलंच लक्षण वाटलं. रिक्षा थांबली. पुढं आडवे कठडे, एक खुर्ची टाकून बसलेला शिपाई आणि पाटी. दर शुक्रवारी बंद. ही पाटी पिढ्यान् पिढ्या तिथं असेल, साऱ्या दुनियेला माहीत असेल. हजारो माणसांचे कागद करणाऱ्या मला ती माहीत नव्हती, कारण माझ्या आठवड्यात बंद असणारे वार दोनच होते आणि बाहेर जाणाऱ्याचा कागद आप्पांशिवाय कुणासाठी मी कधी केलाच नव्हता.

मी फोन काढला, दुसऱ्या दिवशीच्या गाड्या बघितल्या. दिवाळी तोंडावर, कुठंही जागा नाही. ऑफिसात फोन लावला, तो कुणी उचलला नाही. त्या कठड्यासमोर मी इकडून तिकडं, तिकडून इकडं फेऱ्या मारत होते. आयुष्यभर दाराबाहेर बसलेल्या माणसाला मी इतक्या लांब आणून पुन्हा दाराबाहेरच उभं केलं होतं. रिक्षावाला गेला नव्हता. आम्ही परत येणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आप्पा त्याच्याजवळ गेले आणि आमच्याकडच्या हिंदीत त्यांनी विचारलं, नदी के उस पार से दिखताच ना? हेही त्यांनी कधीतरी आरशात बघत ऐकलेलं होतं.

नदीपलीकडं एक बाग आहे. यमुनेला पाणी बेताचंच होतं, काठच्या चिखलात म्हशी बसल्या होत्या आणि त्यांच्यापलीकडं ताज, सकाळच्या धुरकट उजेडात. मी आप्पांना तारेच्या कुंपणाशी नेलं. ते थोडा वेळ बघत राहिले. मग दोन पावलं मागं सरले. मग आणखी दोन. असं करत करत एका झाडाला पाठ टेकेपर्यंत मागं गेले आणि तिथं थांबले. मी विचारलं, दिसतंय का? म्हणाले, ‘जवळून मला तुकडंच दिसलं असतं. एक मिनार, एक कमान. हितून सगळा मावतोय.’ आणि जरा वेळानं म्हणाले, ‘आपल्या मकबऱ्याला उगंच नावं ठेवतेत लोक.’

मला हसूही आलं आणि स्वतःचा रागही. रागच जास्त. परतीची गाडी चारला सुटली. समोरच्या बाकावर नांदेडचे एक गृहस्थ होते, त्यांनी आप्पांना विचारलं काय काय पाहिलं, आणि आप्पा सहज सांगून गेले की ताज शुक्रवारी बंदच असतो, चौतीस वर्षांपासून प्रवाशांकडून ऐकतोय. मी वळून बघितलं. गृहस्थ उठून गेल्यावर विचारलं, म्हणजे तुम्हाला माहीत होतं?

‘कागद वाचला तवाच दिसलं.’

मग बोलला का नाही, म्हणून मी जवळजवळ भांडायलाच उठले. आप्पा खिडकीकडं बघत होते. बाहेर चंबळच्या लाल मातीच्या दरडी मागं पळत होत्या. म्हणाले, ‘सांगितलं असतं तर तू नवा कागद केला असतास.’ मग त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, तेव्हा कळलं की माझा पाय हलत होता. ‘मला शुक्रवार चालत व्हता, वैशाली. पुढचं साल चालत नव्हतं.’

त्याला आता दोन सीझन झाले. आप्पांच्या डोळ्यांत उरलंय ते बांगडीएवढं, त्या बांगडीतून ते मला बघतात. मी तेव्हा काहीतरी शिकले असं मला वाटलं होतं. शिकले असते, तर खणात चौथा कागद पडला नसता.

काल संध्याकाळी ऑफिसातून आले तेव्हा आप्पा ओट्यावर सीताफळ खात बसले होते. बिया एकेक चाचपून वाटीत टाकत होते. मला म्हणाले, त्या हंपीच्या कागदाचं काय झालं, वाच बरं. मी खणातून आणलेला कागद उलगडला आणि सुरू केलं, सोमवारी निघायचं, मंगळवारी विजापूर, पण मंगळवारी तिथं काय उघडं असतं ते अजून बघायचंय, म्हणून बुधवारी...

‘वार नको सांगू,’ आप्पा म्हणाले. ‘निघायचं कधी?’

मी कागदाकडं बघितलं. पेन्सिलीच्या खाडाखोडीत ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. आतून आईचा भांड्यांचा आवाज थांबला होता, म्हणजे तीही ऐकत होती. ‘येत्या बुधवारी,’ मी म्हणाले. ऑफिसात काय सांगायचं ते सकाळी बघता येणार होतं. आप्पा म्हणाले, व्हय, आणि हात धुऊन, भिंत धरत बॅग काढायला आत गेले. जाताना डावा खांदा चौकटीला आपटलाच. मी तिकिटं काढली. विजापुरात गुरुवारी काय बंद असतं, ते मी अजून पाहिलेलं नाही.